गाडीत उणे पोतं भरत नाही

गुरुजी, तुम्ही आमच्या अंगणात सायकल टेकवली तो दिवस आज सकाळपासून माझ्या मागं लागला आहे. झालं असं, की आठवीतली नात गणित घेऊन माझ्याजवळ बसली होती. उणे संख्येनं भागलं की 'पेक्षा मोठा'चं चिन्ह 'पेक्षा लहान' होतं, एवढं तिला शाळेत सांगितलं आहे. का होतं ते विचारलं तर म्हणते, "आजी, उलटवायचं म्हणजे उलटवायचं. मार्क मिळतात." मी म्हटलं, "चल, या पलंगावर बस, ही बैलगाडी समज." ती हसली आणि आईकडं पळाली. मग मी एकटीच पलंगाच्या काठावर बसून राहिले, आणि वाटलं, ज्या माणसाला यातलं अक्षर न् अक्षर कळेल त्यालाच हे लिहावं.

सातवी झाली आणि माझी शाळा गावातच संपली. पुढची शाळा राळेगावला. बा गाडीवान, हंगामात लोकांचा कापूस जिनात नेऊन टाकायचा, एरवी मिळेल तो भार. आम्ही धम्म स्वीकारला तेव्हा मी लहान होते. घरातले देव गेले आणि त्या कोनाड्यात माझी पाटी-पुस्तकं आली, एवढं पक्कं आठवतं. तरी मुलीला रोज परगावी धाडायची हिंमत बाच्याही अंगात नव्हती. काही वर्षं मी निंदण केलं, कापूस वेचला आणि पुडीचा कागददेखील वाचल्याशिवाय टाकला नाही. मग तुम्ही आमच्या शाळेवर आलात, राळेगावहून सायकलीनं. मला असाच एक कागद वाचताना पाहिलंत आणि संध्याकाळी बाला गाठलंत. "पोरगी बाहेरून मॅट्रिकला बसू शकते. मी शिकवतो." बाची बहीण, माझी आत्या, तिथंच सुपात ज्वारी पाखडत होती. ती म्हणाली, "दादा, धम्म घेतला म्हनून पोरगी कलेक्टर होत नाही." केळापूरकडचं एक स्थळ तिनं हेरून ठेवलं होतं. बानं दोघांचंही ऐकलं. "एकडाव बसू दे तिले परीक्षेले. पास झाली तं पुढचं पाहू. नाही तं तुह्या पाव्हन्यायले बोलाव." तेव्हापासून माझं सगळं त्या एका डावावर येऊन थांबलं.

दर रविवारी मी बाच्या गाडीतून तुमच्या घरी यायची. पहिल्याच दिवशी मी सवयीनं ओसरीच्या कडेला टेकले, तर तुम्ही म्हणालात, "तिथं उजेड नाही, आत ये." आणि मला थेट काकूंच्या चुलीजवळ बसवलंत. काकू पिठलं ढवळतायत, मी लसूण सोलतेय, तुम्ही पाटावर बसून कोळशानं जमिनीवर आकडे मांडताय. काकू ओरडतात, "सारवलेलं सारं काळं करून राह्यले तुम्ही," आणि तुम्ही म्हणता, "उद्या सारवशीलच ना." बीजगणिताचं पुस्तक तेव्हा नव्यानं बदललेलं. असमानतेचा धडा तुमच्या वेळी नव्हताच. माझ्यापुढं एक पान राहून तुम्ही तो स्वतः शिकत होता आणि ते लपवतही नव्हता. "हे पान मले काल समजलं, तुले आज समजन," असं सरळ म्हणायचात.

त्या धड्याला तुम्ही आमची गाडी जुंपलीत. गाडीवानाच्या पोरीला गाडीतूनच सांगावं, हे तुम्हाला सुचलं. गाडीत पुढं जास्त भार झाला तर जू बैलाच्या मानेवर दाबतं, मागं जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. हे मला चालता येण्याआधीपासून माहीत. तुम्ही विचारलंत, "पुढचा भार मागच्यापेक्षा जास्त आहे. दोन्हीकडचा दुप्पट केला तर?" मी म्हटलं, "तरी पुढंच जड." "अर्धा केला तर?" "तरी पुढंच." "झालं तर मग. दोन्ही बाजूंना एकाच संख्येनं गुण नाही तर भाग, चिन्ह हालत नाही." मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी बाला तेच शिकवत बसले. तीन क्ष बारापेक्षा मोठा, म्हणून क्ष चारपेक्षा मोठा. आणि उणे तीन क्ष बारापेक्षा मोठा असेल तर? क्ष उणे चारपेक्षा मोठा. चिन्ह जागच्या जागी. तुम्ही तपासलंत, मान डोलावलीत. तशी कितीतरी उदाहरणं मी घाण्याच्या बैलासारखी काढत गेले.

आणि मग तो दिवस. होळी होऊन गेलेली, दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मला यवतमाळला निघायचं, तिथं तुमच्या बहिणीकडं राहून पेपर द्यायचे. माय भाकरी बांधायचं फडकं धुऊन वाळत घालतेय. आत्या येऊन बसलीय, आणि एकटी पोरगी, परका गाव, असं काहीबाही बाच्या कानात घालतेय. बा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, विळ्यानं दोरीचं टोक कापत बसलाय. कापसाचा हंगाम संपलेला, गाडी अंगणात रिकामी, जुवाखाली लाकडाचा टेकू लावून उभी. आणि भर दुपारी, कुत्रंही सावली सोडत नाही अशा उन्हात, तुमची सायकल दारात. सुट्टीचा दिवस. तुमचा चेहरा तांब्यासारखा तापलेला. तुम्ही आधी पाणी मागितलंत. मायनं जरा घाबरतच तांब्या दिला, तुम्ही तो उभ्यानं रिकामा केलात, परत पुढं धरलात आणि मग म्हणालात, "भाऊ, मी पोरीले चुकीचं शिकवलं."

आत्या लगेच बोलली, तिला तर सणच उगवला होता. "ऐकलं का दादा? मास्तरलेच येत नाही. आता पोरगी तिथं जाऊन काय दिवे लावन?" गुरुजी, तुम्हाला ठाऊक होतं की असं होणार. बा कोणत्या काठावर उभा आहे ते तुम्ही ओळखून होता. पेपरात ते आलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं, आलं असतं तर चूक माझ्या नावावर गेली असती. तरी तुम्ही आलात, आणि आत्याला म्हणालात, "बाई, खरं बोलल्या तुम्ही. चूक माही आहे, तिची नाही. तिनं मी सांगितलं तसंच केलं." मग माझ्याकडं वळलात. "काल सहज तुह्या उत्तरातला एक आकडा उचलून मूळ गणितात बसवून पाह्यला. शून्य. शून्य तर उणे चारपेक्षा मोठंच आहे. उणे तीन गुणिले शून्य किती?" "शून्य." "शून्य बारापेक्षा मोठं आहे काय?" "नाही," मी म्हटलं. तुम्ही हसलात. "गाडीत उणे पोतं कोनी भरते का? तिथंच मी फसलो. आज भार सोड. आज बसाची जागा पाहू. बाई, जरा गाडीत बसता का?"

"मी? कायले?"

"पोरीच्या परीक्षेसाठी."

"परीक्षा तिची अन् गाडीत मी बसू?"

बा म्हणाला, "बस व, एवढी बोलली तं."

तुमच्या खिशात खडू नसेल असा दिवस मी पाहिला नाही. गाडीच्या फळ्यांवर, बरोबर आसाच्या वर, तुम्ही आडवी रेघ ओढलीत. "ही रेघ म्हणजे शून्य. बैलाच्या अंगाला अधिक, मागच्या अंगाला उणे. जितकं पुढं तितकं जास्त." आत्याला रेघेपासून एक हात पुढं बसवलंत, बाला दोन हात. जास्त पुढं कोण? बा. दोघंही दुप्पट अंतरावर सरकले तर? बाच. "मग दादा बैलाच्या पाठीवर जाईन," आत्या म्हणाली, आणि माय फडक्याआड हसली. अर्ध्या अंतरावर आले तर? तरी बाच. "हे झालं अधिक संख्येनं गुणनं अन् भागनं. इथपर्यंत माह्यं बरोबर होतं. आता उण्यानं. उणं म्हणजे रेघेच्या पल्याड. अंतर जेवढ्याचं तेवढं, बाजू उलटी. सरका दोघंही मागं."

बा रेघेच्या मागं दोन हात गेला, आत्या एक हात, आणि व्हायचं तेच झालं. गाडी उलाळ झाली. टेकू पडला, जू वर उठलं, आत्यानं बाचा सदरा धरला. आणि तुम्ही, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, धावत जाऊन दोन्ही हातांनी जुवाला लोंबकळलात. एक चप्पल पायातून गळाली. तशा लोंबकळत्या अवस्थेत तुम्ही मला विचारताय, "सांग, आता बैलाच्या अंगाला जास्त कोन?"

मी पाहिलं. बा पार मागं. आत्या रेघेजवळ, त्याच्या पुढं.

"आत्या."

"मी? दादाच्या पुढं?"

"हो बाई, रेघ ओलांडली की मागचा पुढं अन् पुढचा मागं. म्हणून चिन्ह उलटते." धाप लागली होती तरी तुम्ही थांबला नाहीत. "उणे तीन क्ष बारापेक्षा मोठा. उणे तीननं भाग."

"क्ष उणे चारपेक्षा लहान."

"आकडा बसवून पाहा. मी म्हणतो म्हणून घेऊ नको."

मी उणे पाच घेतला. उणे तीन गुणिले उणे पाच, पंधरा. पंधरा बारापेक्षा मोठे. बसला. मी मान डोलावली तेव्हा कुठं तुम्ही जू सोडून द्यायला तयार झालात, तेही बा आधी खाली उतरल्यावर. आत्या उतरता उतरता म्हणाली, "असं गनित मले पह्यलेच शिकवाले पाह्यजे होतं." तिच्या बोलण्यातलं अर्धं विष त्या गाडीतच सांडलं असावं.

बानं टेकू पुन्हा लावला, तुमची चप्पल उचलून तुमच्या पायाशी ठेवली आणि आत्याकडं न बघता बोलला, "आपली चूक सांगाले इतक्या उन्हात कोन येते? पोरगी जाईन." एवढंच. तुम्ही सावलीत टेकलादेखील नाहीत. तिसरा तांब्या प्यालात आणि निघालात.

मी पास झाले, ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढं घाटंजीकडच्या शाळांवर शिकवण्यातच माझं आयुष्य गेलं, तेही तुम्ही पाहिलंत. एवढी वर्षं पोरांना उत्तर सांगितलं की मी म्हणायची, आकडा बसवून पाहा, मी म्हणते म्हणून घेऊ नका. एखादं पोर उठून म्हणायचं, "बाई, बसत नाही," आणि फळ्यावर चूक माझीच निघायची. त्या वेळी लाज वाटायची नाही. तुमची ती गळालेली चप्पल आठवायची आणि मी हसत फळा पुसायची. मोठ्या मोठ्या शिकलेल्या माणसांत पुढं वावरले, पण इतक्या सहज 'मी चुकलो' म्हणणारा माणूस क्वचितच भेटला.

आता हे पत्र कुठल्या पेटीत टाकू. काकूही गेल्या, राळेगावच्या त्या घरात आता दुसरीच माणसं राहतात. त्या कोनाड्यातल्यासारखीच पुस्तकं माझ्या उशाशी आहेत, त्यांतच ठेवून देईन. फक्त एक राहिलं. परत आल्यावर तुम्ही पेपर कसा गेला ते विचारलंत, पण 'आपलं ते' आलं होतं का, हे काही विचारलं नाहीत. तुम्ही विचाराल या धास्तीनं मी तेव्हा चटकन काकूंच्या चुलीकडं वळले होते. आलं नव्हतं, गुरुजी. बाकीचं सगळं सोडवून झाल्यावर मी तो पेपर कितीतरी वेळ उलटून पालटून पाहत होते, पुढून, मागून, कुठं तरी असेल म्हणून. इतक्या उन्हात आला होतात तुम्ही.