तीसपैकी तीस

४ मार्च
आले एकदाची दोलमीला. गाव एवढंसं. म्हाताऱ्या अकरा, म्हातारा एकही उरला नाही, म्हणजे कटकट कमी. सभाघरात सगळ्यांचं दुपारचं जेवण करायचं आणि मागच्या खोलीत राहायचं. फरशीखाली गरम नळ्या, जमीन छान तापते. शहरात हॉटेलची भांडी घासून मोडलेली पाठ आज सरळ झाली. ओकबूनमावशी इथली मुख्य, वय ब्याऐंशी. माझी आमटी चाखून म्हणाली, पोरी, मीठ टाकलंस की नुसतं दाखवलंस? मी म्हटलं, जीभ म्हातारी झालीय तुमची. सगळ्या खो खो हसल्या. जमेल इथे.

२० मार्च
म्हातारपणी डोकं कुणाचं जातं, का जातं, ते शोधायला एक डॉक्टर अठरा वर्षं इथे येतायत. वसंतात एकदा, शरदात एकदा. तेच तीस प्रश्न. मी छप्पन्नची, माझंही नाव घातलं. वर म्हणे, या वहीत आता रोज चार ओळी लिहा. चौथी शिकलेल्या बाईने!
जेवण झालं की म्हाताऱ्या टाळ्या वाजवत उत्तरं घोकतात. मी म्हटलं, ही लबाडी आहे. ओकबूनमावशी म्हणाली, जिचे गुण उतरले तिच्या मुलाला फोन जातो, मुलगा गाडी घेऊन येतो, आणि वृद्धाश्रमातून आजवर कुणी परत जेवायला आलेली नाही. त्यांचं घोकणं इतकं रटाळ की मीच ताबा घेतला. पळी आपटत शिकवते.

९ एप्रिल
परीक्षा झाली. सगळ्यांना तीसपैकी तीस, मलाही. सुनदोकआजी चमचा केसांत खोचते, पण घड्याळाचं चित्र बिनचूक काढलं. डॉक्टर हरखले. म्हणे या गावात आजारच नाही, नक्की आंबवलेल्या सोयाबीनचा गुण. तपासायला बरणी भरून नेली. मी ओठ दाबून हसले.

२ जून
भातात पाणी घालायला विसरले. दोनदा. उकाडा फार.

१७ जुलै
बाजारातून आले, बसमधून उतरले आणि सभाघर सापडेना. भर दुपारी, तासभर. गावात गल्ल्या तीनच आहेत.
आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी मला विचारायची, बाई, तुम्ही कुठल्या?

३० जुलै
डॉक्टरांना फोन केला. लवकर सापडलं तर औषध आहे, मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी द्या म्हटलं. त्यांनी माझा कागद काढला. गुण उतरल्याशिवाय चिठ्ठी देता येत नाही म्हणे. मग सगळं ओकले, घोकणं, टाळ्या, पळी. ते हसले. अठरा वर्षं ओळखतो मी या आज्यांना, तुम्ही दमलायत, झोपा जरा.
ओकबूनमावशीला कळलं. रागावली नाही. हात धरून म्हणाली, तुला नाही नेऊ देणार पोरी.

१४ सप्टेंबर
आता मला मधे बसवतात. अकराजणी भोवती. टाळ्या. मी तोंड दाबून धरते — उत्तर आतून वाजतं — थांबत नाही.

२ ऑक्टोबर
ठरलं. या वेळी मुद्दाम चुकायचं. एकही बरोबर नाही. मग चिठ्ठी मिळेल. विसरीन म्हणून लिहून ठेवते. चुकायचं.

२१ ऑक्टोबर
नाही चुकले.
प्रश्न संपायच्या आत तोंड बोललं. मी नाही, तोंड. चुकीचं उत्तर शोधायला आत गेले तर तिथे — काहीच नव्हतं.
डॉक्टरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. आता पुढच्या वसंतात.

नोव्हेंबर
गॅसवर भांडं आहे. रिकामं. या बायका वाट्या घेऊन बसल्यात, माझ्याकडे बघतायत. मी त्यांना काहीतरी करून द्यायचं असतं. रोज द्यायचे. पांढरं — गरम — त्याला म्हणतात —