करंजखोरीचा विषाणू

१४ फेब्रुवारी २००४

कॅल्शियम नाही. प्रयोगशाळेचे साहेब काहीही म्हणोत — बटाट्यातले हे डाग कॅल्शियमच्या कमतरतेचे नाहीत.

सकाळी करंजखोरीला कुसाबाईंच्या वावरात गेले होते. त्यांनी नुकताच काढलेला बटाटा विळीवर चिरला आणि माझ्या हातात ठेवला. वरून गुळगुळीत, आत तांबूस कमानी, एकात एक. "व्यापारी म्हन्तो सडका माल. शकीलाताई, सडकं कुठं हाय ह्ये? वास बी नाय."

दोनदा बियाणं बदललं त्यांनी. त्याच वावरात पुन्हा तेच. म्हणजे बियाण्यात नाही, मातीत आहे काहीतरी. पिशवीभर माती घेऊन आले. एस.टी.त कंडक्टरने विचारलं, पिशवीत काय? माती म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारलं.

३० मार्च

निम्मी माती वाफवून निर्जंतुक केली, निम्मी तशीच ठेवली. दोन्हींत तंबाखूची रोपं लावली होती; विषाणू असला तर त्यांच्या पानांवर लगेच दिसतो. वाफवलेल्या मातीतली ठणठणीत. कच्च्या मातीतली खुरटली, पानांवर पिवळी वलयं.

साहेबांनी दोन्ही कुंड्यांतली पानं उलटून पाहिली. "बरं. कॅल्शियम नाही," म्हणाले.

एवढंच. पण दिवसभर पुरलं मला.

१९ जून

मातीतून बटाट्याला लागणारे जे विषाणू माहीत आहेत, त्यांच्या चाचण्या करून झाल्या. एकही जुळत नाही. झोप नाही.

२ ऑगस्ट

पुण्याहून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो आले. आखूड, ताठ काड्यांसारखे विषाणू. कुसाबाईंच्या मातीत कधीपासून आहेत कोण जाणे, आणि त्यांना पाहणारी पहिली मी. गंगापूर रोडने घरापर्यंत चालतच आले. रिक्षात बसवेना.

११ नोव्हेंबर

नवा आहे! नमुने पाठवले होते त्या परदेशातल्या प्रयोगशाळेनेही तेच कळवलं — जनुकांची रचना आजवरच्या कुठल्याच विषाणूशी जुळत नाही.

अब्बांना मालेगावला फोन केला. "रोग सापडला, मग मुबारक कशाचं?" म्हणाले. संध्याकाळी अम्मीकडून कळलं, गल्लीभर जिलबी वाटून आले. कशाबद्दल, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही त्यांना.

विषाणूला पुष्कळदा तो सापडला त्या जागेचं नाव देतात. करंजखोरी. शोधनिबंधावर टाइप करून पाहिलं. छान दिसतं.

६ जानेवारी २००५

कुसाबाईंचे दीर, हिरामणभाऊ, नावाचं कानावर गेल्यावर प्रयोगशाळेत आले. खुर्चीवर बसले नाहीत. "ताई, तुमचं नाव व्हईल, पन आमचा बाजार जाईल. करंजखोरीचा बटाटा म्हटलं का लोक हात लावनार नाय. रोग तं एकट्या वहिनीच्या वावरात हाय. समद्या गावाचं नाव कशाला?"

"नाव बदलते," मी म्हणाले. ते गेल्यावर नाव खोडलं. नाव कुठलंही दिलं तरी माझं काम तेवढंच राहतं, हे कळत होतं. तरी डोळे भरून आले.

२७ जानेवारी

कुसाबाईंचा फोन. काल ग्रामसभेत उभ्या राहिल्या म्हणे. "म्या सांगितलं, गावाचं नाव राहू द्या. लपवलं तं माती ट्रॅक्टरच्या चाकाला लागून समद्या शिवारात जाईल."

"मग लोक काय म्हणाले?"

"हिरामणभावजीच उठले. त्यांनी खिशातून आपल्या वावरातला बटाटा काढला. समद्यांम्होरं कापला. आत त्याच तांबूस कमानी."