आधी झेंडा, मग अर्ज

भवानी पेठ, सोलापूर
शनिवार, ३ जानेवारी २०२६

चि. सुबोध यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. ह्यांची साखर आटोक्यात आहे, म्हणजे माझ्यासमोर तरी आहे. गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहायला लागलेत आणि संध्याकाळी त्या बाजूला यायला रिक्षावाले आतापासूनच नाही म्हणतात. देवयानीच्या गुडघ्याला आराम पडला का? तिला म्हणावं, शेंगाचटणी पाठवायची राहिली आहे ते माझ्या लक्षात आहे. राग तुझ्यावर आहे, भावजयीवर नाही.

आता मुद्द्याचं. परवा फोनवर तू प्रत्येक वेळी "ताई, आधी माझं ऐकून घे" म्हणालास आणि प्रत्येक वेळी मीच ऐकून घेतलं. म्हणून हे पत्र. यात तुला मध्ये बोलता येणार नाही.

तुझं म्हणणं असं, की मी वरिष्ठांना जो कागद दिला आहे तो मागे घ्यावा. मी त्यात लिहिलंय की ध्वजदिनाचा निधी आमच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांच्या खिशातून येत नाही, तो कामासाठी दारात आलेल्या लोकांकडून काढला जातो. त्याची चौकशी बारा तारखेला आहे. मला बोलावलंय. ही पद्धत कार्यालयात आणली कोणी, हे ते विचारणार, आणि मी काय सांगणार याची तुला धास्ती आहे. सव्वीस जानेवारीला तुझ्या कार्यालयाला सर्वाधिक संकलनाचं स्मृतिचिन्ह मिळायचंय, पाठोपाठ तुझी बढती. "ताई, हीच वेळ सापडली का तुला?" म्हणालास. मला नाही सापडली, बाबा. वेळच चालत माझ्या टेबलापर्यंत आली.

हे कसं सुरू झालं ते तू सोयीने विसरला असशील, म्हणून लिहिते. दरवर्षी पत्रक येतं. त्यात 'स्वेच्छेने' आणि 'इष्टांक' हे दोन शब्द एकाच वाक्यात सुखाने नांदत असतात. स्वेच्छेने द्यायचं, पण एवढं द्यायचंच आणि अमुक तारखेच्या आत द्यायचं. मला नाही म्हणता येत नाही अशी ख्याती असल्यामुळे संकलनाचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. मी डबा घेऊन टेबलाटेबलाशी फिरले. एकजण म्हणाला, मी रोज इथे बसून देशसेवाच करतो की. दुसऱ्याने झेंडा घेतला, खिशाला लावला, फोटो काढला, स्टेटसला ठेवला आणि झेंडा परत माझ्या डब्यात टाकून दिला. बायकोच्या पार्लरला, पोराच्या क्लासला, धाब्यावरच्या पार्टीला पैसे असणारी ही माणसं. सैनिकाचं नाव काढलं की सगळ्यांचे हप्ते चालू.

ते सगळं मी दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला तुला सांगितलं. तू बासुंदीची वाटी पुढे केलीस आणि म्हणालास, "ताई, तू भलत्या माणसांकडे मागतेस. ज्याचं काम अडलंय त्याच्याकडे माग. आधी झेंडा, मग अर्ज. आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही." मी हसले. तुला आणखी बासुंदी वाढली. माझ्या भावाला किती डोकं आहे, असं मला वाटलं. दुसऱ्या आठवड्यात ती युक्ती मी साहेबांच्या कानावर घातली, तुझं नाव न घेता. साहेबांना ती इतकी आवडली की त्यांनी एकट्या माझ्याकडचा इष्टांक सगळ्या टेबलांना वाटून दिला. तेव्हापासून कोणाच्या पगाराला हात लागला नाही आणि कार्यालय दोन्ही वर्षं यादीत वर. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं आणि वर आपणच सत्कार करून घ्यायचा.

लोक देत होते. प्लॉटची नोंद लावायला आलेले, उताऱ्याची नक्कल न्यायला आलेले, सगळे. काही हसून, काही शिव्या गिळून. मला त्या ऐकू येत होत्या. नाही असं नाही.

तू फोनवर म्हणालास, "कोणीतरी म्हातारी आली, तिने दहा-वीस रुपये दिले, एवढ्यावरून तू सगळं ऑफिस पेटवायला निघालीस?" तिला नाव आहे. निंगव्वा. मैंदर्गीची. आणि म्हातारी म्हणशील तर ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी असेल-नसेल. ऊन आणि रान यांनी तिला थोरली केली, मला पंख्याखाली ठेवलं, एवढाच फरक.

तिच्या मुलाने इथे शहराबाहेर एक छोटा प्लॉट घेऊन ठेवला होता. मुलगा गेला. प्लॉटवर वारस म्हणून आईचं नाव लावायचं होतं, म्हणून ती एसटीने आली. पहिल्यांदा चौकशीच्या खिडकीवर गेली. त्यांनी झेंडा दिला आणि पैसे घेतले. तिथून तिला दुसऱ्या टेबलावर पाठवलं. त्यांनीही झेंडा देऊन पैसे घेतले आणि कागद अपुरे आहेत म्हणून पुन्हा यायला सांगितलं. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, तेव्हा तिला तिसऱ्या टेबलावर पाठवलं.

तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी अर्ज घ्यायच्या आधी झेंडा पुढे केला. निंगव्वाला मराठी जेमतेम येतं. तिने पदराला लावलेले दोन्ही झेंडे दाखवले आणि म्हणाली, "माज्याकडं हायत की, अक्का."

बाई म्हणाल्या, "ते त्या टेबलांचे, आजी. आमच्या टेबलाचा वेगळा."

हे वाक्य पुन्हा एकदा वाच. मी ते महिनाभर मनात वाचते आहे.

मग निंगव्वाने विचारलं, ह्ये कुणासाठी असतंय? तेव्हा बाईंनी पाठ असलेलं म्हणून दाखवलं: सैनिकांसाठी, आजी, त्यांच्या घरच्यांसाठी. ते आपल्यासाठी जीव देतात, आपण एवढं द्यायला नको का? "व्हय, द्याया पायजे," निंगव्वा म्हणाली, आणि कनवटीचे पैसे काढून दिले. तिच्या पदराला तिसरा झेंडा लागला. त्यानंतर अर्ज उघडला गेला. अर्जासोबत मुलाच्या मृत्यूचा दाखला होता. तो सैन्याने दिलेला होता. अमरेश नाव त्याचं. सीमेवर गेला होता, परत आला तो पेटीत.

आमच्या कार्यालयाने एका सैनिकाच्या आईकडून सैनिकांच्या आयांसाठी तीनदा पैसे घेतले.

हे तुला मी फोनवर सांगितलं. पण तुझं पुढचं वाक्य काय होतं? "कोण ती टेबलावरची बाई? मूर्ख आहे. तिच्यावर कारवाई करा आणि विषय मिटवा. सगळी पद्धतच चव्हाट्यावर कशाला आणतेस?" त्यावर मी वाद न घालता फोन ठेवला. तुला वाटलं असेल, ताईला पटलं.

ती मूर्ख बाई मी आहे, सुबोध. टेबल माझं होतं. 'आमच्या टेबलाचा वेगळा' हे मी म्हणाले. टाचणी लावली ती या हाताने. वरिष्ठांना दिलेल्या कागदात हे मी पहिल्याच ओळीत लिहिलंय, पण तुला सांगायला जीभ वळेना, कारण तू काय म्हणशील ते मला ठाऊक होतं. म्हणशील, मग तर तूच दोषी, आम्हाला कशाला ओढतेस? आहेच मी दोषी. त्याची शिक्षा व्हायची ती होईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, पेन्शनला धक्का लागू शकतो हे मला कळतं. इतकी वर्षं मी त्याच कार्यालयात घालवली आहेत. 'कारणे दाखवा' नोटीस आली आहे. शेजारच्या टेबलावरचे लोक माझ्या वाटचा चहा सांगत नाहीत आणि साहेब मला नावाने हाक न मारता 'त्या' म्हणतात. ते सगळं मी झेलेन. पण मी एकटीच दोषी, हे मात्र झेलणार नाही.

दाखला वाचल्यावर मी काय केलं तेही ऐक. मी तिथल्या तिथे तिचे पैसे परत द्यायला गेले. आमचा शिपाई बसलिंगप्पा कन्नड बोलतो, त्याला मध्ये घातलं. त्याने तिला समजावलं की बाईंची चूक झाली, पैसे परत घ्या. तिने हात मागे घेतला. घाबरून मला म्हणाली, "नगं, नगं. दिल्यालं र्‍हाऊ द्या. पोराच्या जागी माजं नाव लागंल न्हवं आता?"

लक्षात आलं का? तिने निधी दिलाच नव्हता. तिने तीन टेबलांना लाच दिली होती आणि आम्ही तिला त्याची पावती म्हणून देशाचा झेंडा लावला होता. सैनिकांचं नाव मी घेत होते ते तिच्या कानावर तसं पडलंच नाही. सरकारी माणूस पैसे घेताना काहीतरी बोलतो, एवढंच तिला माहीत.

आणि तू म्हणतोस, "शेवटी पैसे गेले ते सैनिकांनाच ना?" गेले, पैचाही अपहार नाही. निधी चांगला आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण दान कोणी केलं? यादीत नाव कोणाचं? स्मृतिचिन्ह कोणाच्या कपाटात जाणार? तुझ्या छातीवर जो झेंडा लागेल त्याचे पैसे तुझ्या खिशातून कधी गेलेत का, हे देवयानीसमोर बसून सांग. ती खोटं ओळखते.

अजून एक. "नाना असते तर घरातली गोष्ट घरात ठेव म्हणाले असते," असं तू म्हणालास. नानांना यात आणू नकोस. आपले वडील मास्तर होते, शाळेत गणवेशासाठी वर्गणी काढायचे तेव्हा पहिली नोट स्वतःची टाकायचे आणि मग दुसऱ्याकडे बघायचे. ते असते तर तुझा कान धरून तुला मैंदर्गीला घेऊन गेले असते.

ते नाहीत म्हणून मी गेले. निंगव्वाचं काम झालं. मी स्वतः मागे लागून करून घेतलं, नोटिशीची मुदत भरली तशी नोंद मंजूर झाली, आणि नक्कल टपालाने पाठवायच्या ऐवजी परवा मी आणि बसलिंगप्पा ती घेऊन गेलो. मनात काय होतं सांगू? माफी मागायची. तिने डोक्यावरून हात फिरवावा, असंही कुठेतरी वाटत असेल. माणसाला आपलं पाप दुसऱ्याच्या हाताने पुसून हवं असतं.

तिने घोंगडी टाकली, चहा दिला. भिंतीवर अमरेशचा गणवेशातला फोटो होता. तिशीचासुद्धा नसेल. मी पिशवीतून नक्कल काढून पुढे केली आणि म्हणाले, निंगव्वा, तुमचं नाव लागलं. तिने कागदाला हात लावला नाही. आत गेली, डबा वाजल्याचा आवाज आला, आणि ती मूठ मिटून बाहेर आली.

"किती द्यायचं, अक्का?"

"काही नाही. काही द्यायचं नाही."

"असं कसं? येवडं लांब कागूद घिऊन आलाव."

मी पुन्हा नाही म्हणाले, हात जोडले. तिने माझ्याकडे बघितलं, मग बसलिंगप्पाकडे वळून कन्नडमध्ये हळूच काहीतरी विचारलं. त्याने मान फिरवली. मी विचारलं, काय म्हणतात त्या? तो सांगेना. मी चिडले तेव्हा म्हणाला, "म्याडम, ती इचारतीया, हातातलं कमी पडतंय म्हनून नगं म्हनताय काय?"

माफी मागायची राहून गेली. कशाची मागणार होते? नक्कल घोंगडीवर ठेवली आणि उठले. ती मूठ तशीच मिटून दारात उभी होती.

बारा तारखेला मला विचारतील. मी सांगणार आहे: पद्धत माझ्या भावाची, कार्यालयात आणली मी, राबवली साहेबांनी. या क्रमाने आणि नावासकट. 'आठवत नाही' म्हण, असं तू सुचवलंस. ते मला जमणार नाही. सव्वीस तारखेला मी येणार नाही आणि हेही येणार नाहीत. त्याआधी तू स्वतःहून लिहून दिलंस तर तुझी बढती वाचेल असं मी म्हणत नाही. बहुतेक वाचणार नाही. तरी दे.

हे पत्र मिळालं की मला फोन करू नकोस. मी उचलणार नाही. उत्तर लिहायचं असेल तर तुझ्या वरिष्ठांना लिही, मला नको.

ज्या टेबलावर हे घडलं, त्या टेबलावरची
तुझी ताई,
शकुंतला