आवाहनाची टेप

मी, दिगंबर नामदेवराव बिरादार, वय एकोणपन्नास, मूळचा देगलूर तालुक्यातला, हल्ली राहणार हिमायतनगर, हैदराबाद, धंदा डीजे व कॅसेट तयार करणे, सोमवारी हृदयाचे ऑपरेशन असल्याने, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. याआधी असे काही लिहिलेले नाही.

१. राहते घर पत्नी त्रिवेणी हिचे. माझे स्पीकर सतरा वर्षे तिच्या पलंगाला टेकून उभे आहेत. ते आधी हलवावेत.

२. मिक्सर, दोन्ही टर्नटेबल व ते स्पीकर मुलगा कुलदीप याला. ज्या हॉटेलने मला नऊ वर्षे मागच्या दाराने आत घेतले, तिथे वाजवायचेच तर त्याने पुढच्या दाराने जावे.

३. एक टेप मात्र माझ्या एकट्याची नाही. १९९३ साली पुतणीच्या लग्नातल्या गोंधळात उमाजी गोंधळ्याने संबळ वाजवत देवीला हाक घातली, ती मी टेप केली. हवे ते मिळाले म्हणून मशीन बंद करून जेवायला बसलो. पुढे तो तुकडा तीनमारवर, म्हणजे इथल्या मिरवणुकीच्या ठेक्यावर, चढवून पुन्हा पुन्हा फिरवला. बेगम बाजारच्या गणपतीपासून हॉटेलातल्या नाचापर्यंत तेच वाजले. 'संबळ-तीनमार'मुळे माझे नाव झाले. कॅसेटवर उमाजीचे नव्हते.

घरी आला तेव्हा ती कॅसेट ऐकून उमाजी म्हणाला, "दिगंबरा, आईला शंभरदा बोलावलंस. चौरंग तरी मांडलास का? आरती कुठंय हिच्यात?" मी हसलो. त्याने चहा घेतला नाही. तेव्हापासून रोजच्या पूजेत आरती मी म्हणत नाही, त्रिवेणी म्हणते.

४. आता एक मोठी कंपनी ती टेप मागते आहे. मी म्हटले, हाक काढून देऊ. कुलदीप म्हणाला, "बाबा, वो हाक निकाल दिये तो गाने में क्या रहता? ठेका तो सबके पास है." खरे आहे. म्हणून हाक काढू नये, आणि आहे तशी विकूही नये. कुलदीपने फोन न करता गावी जावे, उमाजीसमोर खाली बसून विचारावे. तो हो म्हणाला तर आरतीसकट पूर्ण गोंधळ टेप करावा व त्याचे नाव माझ्या आधी छापावे. नाही म्हणाला तर ते कंपनीला माझेच उत्तर समजून टेप त्याच्या हातात देऊन यावे.

५. कुलदीपला मराठी वाचायला जड जाते. त्रिवेणीने हे त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. चौथे कलम दोनदा.

सही: दिगंबर नामदेवराव बिरादार

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. अरविंद देशपांडे, वकील, नारायणगुडा
२. सुनंदा कुलकर्णी, शेजारी, निवृत्त शिक्षिका

हिमायतनगर, हैदराबाद
११ ऑक्टोबर २००२