टाकीच्या झाकणाला कुंकू नको

आई,

तू देवळातून येईपर्यंत थांबलो असतो, पण फियाट चालू झाली आहे आणि ती बंद करायची माझी हिंमत नाही. बाबांना हॉस्पिटलमधून आणायला निघालोय. "माझ्याच गाडीतून घरी येईन, नाहीतर इथेच राहीन," असं ते परवा अँजिओप्लास्टी झाल्याझाल्या म्हणाले होते. नर्सबाई अजून त्यांच्याकडे संशयाने बघतात.

गाडी दर वेळी कॉलनीच्या गेटपाशी का बंद पडायची, ते कळलं. तू दर दसऱ्याला पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हळदकुंकू लावतेस. त्या झाकणाला हवा जायला एक बारीक भोक असतं, ते इतक्या वर्षांच्या भक्तीने बुजलं होतं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल पुढे सरकेना. मी उगाच दोनदा इंजिन खोललं. काल तू देवाच्या भांड्यांबरोबर ते झाकणही चिंचेने घासून काढलंस आणि गाडी थेट सोमेश्वरला जाऊन आली. म्हणजे बिघाडही तुझा आणि दुरुस्तीही तुझीच.

महिनाभर रोज संध्याकाळी टॉर्च धरून उभी राहिलीस, पण "जमेल ना रे?" असं एकदाही विचारलं नाहीस. त्याबद्दल थँक्यू. तोंडावर म्हटलं असतं तर तू मला ताप आहे का ते बघितलं असतंस. कार्बोरेटर साफ करायला तुझ्या पोह्यांच्या कढईत उकळला, येताना नवी कढई आणतो.

आम्ही आलो की बाबांना ओवाळ, गाडीलाही ओवाळ. कुंकू फक्त बॉनेटला लाव, झाकणाला नको. दोघांचंही ब्लॉकेज आत्ताच निघालंय.

रुद्र