रिकामी बॅग, रिकामं कपाट

४ मार्च, मंगळवार

पोचले. दोन मोठ्या बॅगा. एक भरलेली, एक साफ रिकामी. विमानतळावरचा अधिकारी रिकामी बॅग उघडून बराच वेळ आत बघत राहिला. सांगावंसं वाटलं, बाबा रे, ही नवऱ्याच्या कपड्यांसाठी आहे, त्याला परत न्यायला आलेय! पण त्याची भाषा मला येत नाही. कारखान्याच्या फाटकावर माइकशिवाय दोन पाळ्यांचे कामगार थोपवून धरणारी मी, एका टेबलापलीकडच्या माणसासमोर मुक्यासारखे हातवारे करत होते!

हा घ्यायला आला होता. बारीक झालाय. बॅगा उचलल्या आणि म्हणाला, "ही एवढी हलकी कशी?"

"भेटल्यावर बोलू," मी म्हटलं.

सवयीने! समोर उभा होता तो!

५ मार्च

लग्न झालं आणि चार महिन्यांत हा इकडे आला. तीन वर्षं फोनवरचा संसार. मधे एकदाच आला, बहिणीच्या लग्नाला, तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती, बोलणार कुठे? म्हणून आमचा एक नियमच पडून गेला. फोनवर वाद नको, भेटल्यावर बोलू. पैसे कुणी कुणाकडे पाठवायचे — भेटल्यावर बोलू. मूल — भेटल्यावर बोलू. राहायचं कुठे — तो सगळ्यात मोठा. तोही भेटल्यावर. पण त्यावर मी एकदा सरळ म्हटलं होतं, "तू यंदा परत येतोयस." तो "हं" म्हणाला होता. म्हणजे ते ठरलेलं आहे.

घर दोन खोल्यांचं. हा कृत्रिम दात करतो. खिडकीत कुंड्या असाव्यात तिथे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेत. सकाळी डोळे उघडले तर सहा बत्तिशा माझ्याकडे बघून हसत होत्या.

झोपायच्या खोलीत नवं कपाट. तीन दारांचं. आत नुसते हँगर.

"हे तुझं," हा म्हणाला.

"एवढं मोठं?"

"लागेल ना."

माझे कपडे सहा जोड. सुट्टी तीन महिन्यांची. परतीचं तिकीट १ जूनचं. पण इतक्या हौसेने दाखवत होता की काही बोलले नाही. रिकामी बॅग रिकाम्या कपाटात ठेवली.

९ मार्च, रविवार

आज भांडणांचं अधिवेशन भरवलं. म्हटलं, तीन वर्षांचा माल साचलाय, एकेक काढू. सोप्यापासून सुरुवात. माझ्या वाढदिवसाला तू फोन विसरलास.

"हो. चुकलं माझं."

तुझ्या बहिणीच्या लग्नात मला स्वयंपाकघरात कोंबलं, तू गप्प बसलास.

"बरोबर आहे तुझं."

बरोबर आहे? पुरावे काढून ठेवलेत मी! प्रतिवाद पाठ आहेत! समोरच्या बाकावर कोणी नसेल तर भाषण करायचं कशाला? मी "आणि दुसरं म्हणजे" म्हटलं की आमच्या फाटकसभेत माणसं बिड्या विझवतात. त्यांना ठाऊक असतं, आता खरं सुरू होणार. ह्याच्याकडे दुसरा मुद्दा सोडाच, पहिलाही नसतो.

कुठे राहायचं ते काढलं नाही. ह्यानेही काढलं नाही. ठरलेलंच आहे म्हणा.

२० मार्च

भाषेच्या वर्गात घातलंय मला ह्याने. "वेळ जाईल तुझा."

मास्तरीणबाई खुर्ची दाखवतात. आम्ही सगळे म्हणतो, ही खुर्ची आहे. खुर्चीवर मी तासभर बोलू शकते! तिच्यावर कोण बसतं, त्याला तिथे कोणी बसवलं, तो उठत का नाही! आणि इथे ही खुर्ची आहे, खुर्ची लाल आहे, एवढ्यावर समाधान मानायचं. शेजारचा पोरगेला सुतार माझ्यापुढे दोन धडे आहे. टेबलाचे पाय मोजतो आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने बघतो.

मी इथली एवढी पुस्तकं वाचलीत, अनुवादात का होईना. त्यातल्या कोणीही खुर्चीबद्दल इतकं थोडक्यात आटोपलेलं नाही.

६ एप्रिल, रविवार

सासूबाईंचा फोन. "काय गं, कधी निघताय दोघं?"

हा शेजारीच जबडा घासत बसला होता. मी म्हटलं, "जूनमध्ये येतोय, आई."

ह्याने घासायचं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा घासायला लागला.

त्यात संघटनेच्या अध्यक्षांचा निरोप: ताई, तुमच्याशिवाय फाटकावर पन्नास माणूस जमत नाही, लवकर या. मी लगेच उत्तर दिलं, येतेच. देश सोडून जाणाऱ्यांना मी भाषणात पळपुटे म्हणते. एकदा हा पहिल्या रांगेत बसलेला असताना म्हटलं. ह्याने टाळ्या वाजवल्या होत्या!

१७ एप्रिल

आज ह्याची काम करायची जागा पाहिली. लांबट खोली, ओळीने सहा टेबलं, प्रत्येकावर दिवा आणि घासायचं छोटं यंत्र. मेणाचा वास. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. यंत्र सुरू झालं आणि मी दचकले. हा आवाज माझ्या ओळखीचा! तीन वर्षं फोनवर घरघर यायची, मी म्हणायची, "लाइन खराब आहे." लाइन कसली? हा दात घासत होता! दुपारच्या माझ्या फोनला हा इथे बसून "हं" म्हणायचा. तोंडावर फडका!

पलीकडच्या टेबलावरची पिकल्या केसांची बाई माझा आवाज ऐकून उठली. मास्क खाली केला, माझे दोन्ही हात धरले आणि भडाभडा बोलली. ह्याला विचारलं, काय म्हणते?

हा लाजला. "ती म्हणते, तूच ना ती. मी तुझा फोन कधीकधी स्पीकरवर ठेवायचो. हात मोकळे लागतात. ह्यांना शब्द कळायचा नाही. पण आता दुपारी फार शांत वाटतं म्हणते. काम सरत नाही."

म्हणजे तीन वर्षं मी एका परक्या देशातल्या दंतशाळेत रोज भाषण देत होते. तेही बायको म्हणून!

रागवायचं होतं. नेमकं कशावर ते ठरेना.

२ मे

भांडायचा पुन्हा प्रयत्न केला. तो लगेच कबूल झाला. हरले.

१८ मे, रविवार

अन्याय सापडला! कुठेही जा, शोधला की सापडतो.

इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची दोन यंत्रं. सगळ्यांना मिळून. संध्याकाळी आठनंतर बंद. वरच्या मजल्यावरची नर्स कामावरून येते साडेआठला. बिचारी मोरीत वाकून गणवेश धुते. मला तिच्या भाषेतले साठ शब्द येतात, बाकी हातवारे. तेवढ्यात आमची एकजूट झाली.

रहिवाशांची बैठक २९ तारखेला. विषय मांडणार. ह्याला म्हटलं, "मी बोलेन, तू अनुवाद कर."

"हं."

मास्क नव्हता या वेळी. तरी "हं"च.

२९ मे, गुरुवार

लिहिताना कागद दोनदा फाटला. रागाने की आणखी कशाने, देव जाणे.

बैठकीचे अध्यक्ष तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमन. समोर अंडी उकडायचं घड्याळ. प्रत्येकाला तीन मिनिटं, घड्याळ वाजलं की खाली बसायचं. मी उभी राहिले. श्रमाची प्रतिष्ठा, पाळीने काम करणाऱ्या बायका, स्वच्छता हा चैनीचा भाग नाही — नुकती कुठे रंगात येत होते आणि ट्रिंग! प्रास्ताविकच चाललं होतं! नर्सने तरी टाळ्या वाजवल्या.

मग ह्याने अनुवाद केला. एक वाक्य. मलाही समजलं इतकं सोपं. नर्सला आठनंतर कपडे धुवायचे आहेत.

एवढंच? माझ्या श्रमाची प्रतिष्ठा कुठे गेली?

आणि मग ह्याने हात वर केला. स्वतःसाठी! पोस्टमनने घड्याळाला किल्ली दिली. हा उभा राहिला आणि बोलला. सावकाश, एकेक शब्द ठेवत. घरी येताना जिन्यात त्याच्याकडून वदवून घेतलं ते असं: यंत्रं आहेत त्यांच्या बरोबर वर म्हाताऱ्या आजींचा पलंग आहे. त्या आठला झोपतात. यंत्र फिरलं की पलंग हलतो, उशाशी ग्लासात ठेवलेली कवळी खणखण वाजते. "ती कवळी मी केलीय," हा म्हणाला म्हणे, "मला आजींनी वाजवून दाखवलीय. वेळ वाढवू नका. त्यापेक्षा नर्सला रविवारची सकाळ राखून द्या."

मतदान. माझ्या बाजूने मी एकटी. नर्सनेसुद्धा त्याच्या बाजूने हात वर केला! वर मला म्हणते, रविवार छान आहे.

जिन्यात मी ह्याला अडवलं. "तू माझ्या विरोधात बोललास!"

"हो."

"चारचौघांत!"

"पटलं नाही म्हणून."

"अरे, मग घरी का नाही बोललास? तीन महिने मी भिंतीशी भांडतेय!"

किल्ली कुलपात घालून हा थांबला. म्हणाला, "घरी मला कोण तीन मिनिटं देतं?"

३० मे

पोस्टमनकडून घड्याळ मागून आणलं. जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं. विषय: कुठे राहायचं. पहिला वक्ता तो.

तीन मिनिटं हा बोललाच नाही. ट्रिंग. मी ओठ दाबून पुन्हा किल्ली दिली. पुन्हा अर्धं घड्याळ गेलं, आणि मग —

"मी परत येणार असं तुला कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं. ह्याने घड्याळाकडे बोट दाखवलं. मिटलं.

"तू विचारायचीस आणि उत्तरही तूच द्यायचीस. मी हं म्हणायचो. तिथे गेलो तर दादाच्या दुकानात बसेन. दादा म्हणेल हे उचल, ते ठेव. इथे मी दात करतो. माणूस आरशात बघतो, तोंडावर हात न ठेवता हसतो. ते मला आवडतं. मला वाटलं, तू राहायला येतेयस. मी कपाट घेतलं. तू माझ्यासाठी बॅग घेऊन आलीस."

ट्रिंग.

माझी पाळी. वाक्यं तयार होती. आपली माती, आपला लढा, पळून जाणारे. हजार माणसांपुढे एकदाही अडखळलेली नाहीत. पण हा समोर कोपरं टेकून बसला होता, टाळ्या वाजवायला नव्हे, उत्तर ऐकायला. ती वाक्यं त्या टेबलावर मावेनात.

"माझी माणसं तिथे आहेत," मी म्हटलं. "मी बोलले की ती उभी राहतात. इथे मला खुर्चीला खुर्ची म्हणताना घाम फुटतो. इथे मी कोण?"

घड्याळ वाजायच्या आतच माझं बोलणं संपलं. आयुष्यात पहिल्यांदा! उरलेला वेळ आम्ही दोघं नुसती टिकटिक ऐकत बसलो.

ठरलं काहीच नाही. तिकीट परवाचं आहे.

३१ मे

बॅग भरली. दुसरी रिकामीच घेऊन चाललेय. सासूबाईंना काय सांगू? ह्याने साड्यांच्या घड्या घालून दिल्या. एक शब्द नाही. मीही नाही. असा शांत दिवस शत्रूवरही येऊ नये.

१ जून, रविवार

विमान दुपारचं होतं. आता दिवे लागलेत.

सकाळी टॅक्सी खाली उभी होती, बॅगा दाराशी. हा बूट घालत होता. नाडी बांधता बांधता, वर न बघता म्हणाला, "तुझं परवाचं ते 'इथे मी कोण' — ते साफ चूक होतं."

मी बॅग खाली ठेवली. "चूक? कसं काय चूक?"

टॅक्सीवाला केव्हाच निघून गेला. पोस्टमनचं घड्याळ परत नेऊन दिलं, पुरत नव्हतं. घसा बसलाय. दोघांचाही.

आत्ता हा चहा टाकायला उठलाय. आतून आवाज येतोय —

"आणि दुसरं म्हणजे —"