टाकीत उतरण्याआधी

२ मे
कारखान्यातल्या टाकीच्या तोंडात पोटाशी अडकलो. टाकीत उतरून आतले पंप दुरुस्त करतोय, वीस वर्षं. कुणी शिकवलं नाही, मीच शिकलो. टेप लावून पाहिलं. तोंड अठरा इंच, म्हणजे मापात. दोष जाड पँटचा. मेहुण्याने काखेत हात घालून वर ओढलं, हसू दाबत. त्याला पाना धरायला मी शिकवलंय. मॅनेजर म्हणाला, नवं कंत्राट जुलैत. जो आत उतरेल त्याला.

९ मे
पोट कमी करायला डॉक्टरीणबाईंकडे. पोट कापत नाहीत. तोंडातून दुर्बीण घालून जठर आतून शिवतात, पिशवीची नळी करतात. माझ्या जुन्या जळजळीसाठी जठराची वरची झडपही आवळणार. झडप कशी बसवावी ते मी कागदावर काढून दाखवलं. म्हणाल्या, छान, पण तुम्ही तेव्हा झोपलेले असाल.

१७ मे
झालं. अंगावर ओरखडा नाही. आता सहा आठवडे फक्त पातळ. टाके आम्ही घातले, टिकवायचे तुम्ही, म्हणाल्या. जबाबदारी झटकणं म्हणतात याला.

२१ मे
सूप म्हणजे गढूळ पाणी. पातळ म्हणजे नेमकं किती, दवाखान्याने दिलेल्या कागदावर कुठेच नाही. मी ठरवलं: अर्ध्या इंची नळीतून वाहतं ते पातळ. केक दुधात घालून मिक्सरमधून काढला. नळी लावली. पास.

३० मे
चीज आणि बटाटे, पास. बायको म्हणाली, अहो, नळीतून वाळूसुद्धा जाते. तिला यातलं तांत्रिक कळत नाही.

१४ जून
आडवं झालं की घशात आंबट पाणी. वजन दीड किलो जास्त. बाथरूमची फरशी उताराची आहे, काटा चुकणारच. हॉलमध्ये नेला. दोन किलो.

२५ जून
पुन्हा दुर्बीण. बरेच टाके सुटलेत. काय खाल्लं, विचारलं. काही खाल्लं नाही, प्यायलो, म्हणालो. बायको खिडकीकडे बघत म्हणाली, केक प्यायले, चीज प्यायले, बटाटे प्यायले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्यात परत शिवता येणार नाही. दोरा हलका असणार. मी बोललो नाही. कुणाच्या पोटावर पाय कशाला द्या.

४ जुलै
सैल पायजमा घालून गेलो. कंबरसुद्धा आत गेली नाही, पोटाचं सोडा. मेहुणा सरळ आत उतरला. मॅनेजरने कंत्राटावर घालायला त्याचं पूर्ण नाव विचारलं, मला. मी सांगितलं. मग टाकीच्या तोंडाशी पालथा पडून सूचना देत राहिलो: आधी वॉशर, मग नट, घाई नको. आतून पान्याची खटखट. शेवटी म्हणाला, भाऊजी, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.